रेफ्री कुणाचा कोण?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शालेय फुटबॉलच्या सामन्यात रेफ्रीला शिवी हासडण्यापूर्वी प्रेक्षक क्षणभर थांबतो. ही खिलाडूवृत्ती नव्हे. तो रेफ्रीचं आडनाव आठवत असतो. आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की वाडा कळतो, आणि वाडा कळला की आपल्या मावशीच्या नणंदेचं घर तिथून कितवं, हा हिशेब सुरू होतो. हिशेब पुरा होईपर्यंत फ्री किक घेऊन झालेली असते. चेंडू गोलपोस्टच्या बाहेर आणि शिवी घशाच्या आत.

युरोपातल्या फुटबॉल संघटनेनं २००८ साली खेळाडूंनी, प्रेक्षकांनी आणि सगळ्यांनीच एकमेकांचा मान राखावा म्हणून ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीम काढली. खेळाडूंच्या बाहीवर तो शब्द झळकला. तिकडचे लोक काही जात्याच वाईट नाहीत. त्यांची अडचण एवढीच की तिथला रेफ्री शिव्या खाऊन रात्री घरी जातो तो पुन्हा जन्मात दिसत नाही. आमचा रेफ्री दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजारात शेजारी उभा असतो. त्यातून शाळांचे सामने ऐन पावसात, आणि ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. बाजारात मासळी थोडी आणि गिऱ्हाइकं दाट. चार बांगड्यांच्या एकाच वाट्यावर आपला आणि त्याचा हात एकदम पडतो, तेव्हा काल आपण त्याला काय म्हणालो ते दोघांनाही आठवत असतं.

शिवाय हा रेफ्री बहुतेक वेळा कुठल्यातरी तिसऱ्या शाळेचा पीटी सर असतो. परवा त्याच्या शाळेची आपल्याशी मॅच, आणि त्या दिवशी शिट्टी आपल्या सरांच्या तोंडात. न्यायव्यवस्थेवर इतका पक्का अंकुश कुठल्याही राज्यघटनेला जमलेला नाही.

खरं तर फुटबॉल आमच्यापर्यंत जरा उशिरानंच आला. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे इंग्रज पाद्री १८८३ साली शिवोलीला आले आणि त्यांच्याबरोबर गोव्यात हा खेळ आला, असं सगळे सांगतात. शिवोली बार्देशात. शापोरा नदी ओलांडली की पलीकडे चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. आता पुलावरून पाच मिनिटांचं काम, तेव्हा होडी. जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, फुटबॉल चर्चच्या आवारात वाढला, सेमिनारीतून आणि पाद्रींच्या शाळांतून शिस्तीत शिकला गेला. पेडणे आणि डिचोली नव्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या काबिजादीतले. आमच्याकडे तो देवळामागच्या कापणी झालेल्या शेतात उतरला, तेव्हा त्याच्यासोबत कुणी पाद्री नव्हता. मेर ही टचलाइन, नारळाची दोन झाडं हा गोल, आणि ऑफसाइड हा विषय ज्याचा चेंडू त्याच्या मर्जीवर. रेफ्रीची गरज होती तिथे एक काका होते.

मुद्द्याचं म्हणजे, पेडण्याला मैदानावर भांडायचं कसं हे फुटबॉलनं शिकवलंच नाही. ते दशावतारानं आधीच शिकवून ठेवलेलं होतं. जत्रेच्या रात्री दोन राजे पखवाजाच्या तालावर तलवारी उपसून एकमेकांवर तुटून पडतात. सात पिढ्यांचा उद्धार होतो. एक दुसऱ्याला यमसदनी धाडायची भाषा करतो, दुसरा आधी तूच पुढे हो म्हणतो. समोर बसलेल्या आज्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि पहाटे रंगपटात तेच दोघे राजे एका पेटाऱ्यावर बसून, तोंडाचा रंग पुसत, एकाच पुड्यातली बिस्किटं चहात बुडवून खात असतात, कारण पुढच्या गावाला न्यायला टेम्पो एकच आहे. ज्या गावांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं, त्यांना वैर किती वाजेपर्यंत ठेवायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

दशावताराचा दुसरा परिणाम पेनल्टी बॉक्समध्ये दिसतो. आमच्या भागातला विंगर पडतो तो नुसता पडत नाही. आधी हात वर, मग गिरकी, मग गुडघा, मग छाती, आणि शेवटी आकाशाकडे एक नजर. लाइनीवरचे जाणकार फाऊल झाला की नाही यात पडतच नाहीत. ‘पडलो बरो, पण उठपाक मातशी घाई केली,’ असा अभिप्राय येतो. असं उघड परीक्षण झाल्यावर मुलगा दुसऱ्यांदा पडायला कचरतो. नाटक आवडणाऱ्या लोकांसमोर वाईट नट होणं ही शिक्षा पिवळ्या कार्डापेक्षा जड.

कार्डांचं म्हणाल तर ती रस्त्यावरून आली. केन ॲस्टन नावाच्या इंग्रज रेफ्रीला १९६६च्या विश्वचषकातला गोंधळ पाहून, गाडी चालवता चालवता, सिग्नलवर पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७०च्या विश्वचषकात ती प्रथम वापरात आली, आणि त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड कुणालाच मिळालं नाही. कल्पना उत्तमच. पण तिच्या मुळाशी पिवळा दिवा दिसला की माणूस वेग कमी करतो हे गृहीतक आहे. गोव्यात पिवळा दिवा म्हणजे ‘मार गाडी’. आमचा फुलबॅक पिवळं कार्ड मिळाल्यावर जो सुटतो तो याच संस्कारानं.

शाळांच्या सामन्यांत मोठा मान सुब्रोतो चषकाचा. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावानं १९६० पासून चालत आलेली ही देशभरातल्या शाळांची स्पर्धा. तालुका, मग जिल्हा, मग राज्य, आणि नशिबात असेल तर दिल्ली. दिल्लीचा रस्ता आमच्याकडे चिखलातून सुरू होतो, आणि बहुतेकांचा तिथेच संपतो.

पण चिखलात उतरण्याआधी उद्घाटन असतं. प्रमुख पाहुणे छत्रीखाली, संघ पावसात. पाहुणे दोन्ही संघांशी हस्तांदोलन करत रांगेतून जातात आणि प्रत्येकाला ‘कुणाचा रे तू?’ विचारतात. उत्तर ऐकून चेहऱ्यावर मतदारयादी उमटते. मग भाषण. हार-जीत महत्त्वाची नाही, सहभाग महत्त्वाचा. पराभव हसतमुखानं स्वीकारावा. हे सांगणाऱ्या गृहस्थांनी मागच्या पंचायत निवडणुकीत फेरमोजणी मागितलेली असते आणि निवडून आलेल्या उमेदवाराच्या मुलीच्या लग्नालाही ते गेलेले नसतात. मुलांना हे ठाऊक असतं. पेडण्यात कुणाला काय ठाऊक नसतं! तरी टाळ्या पडतात. मग पाहुणे चेंडूला पहिली लाथ मारायला पुढे होतात. चिखल, चामडी चपला, शुभ्र पांढरी पँट. पुढे काय होतं ते सांगायला नको. पण त्या क्षणी दोन्ही संघ ओठ दाताखाली दाबून, समोर बघत, ताठ उभे असतात. शालेय फुटबॉलमधला आदर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हे दृश्य दाखवीन. सामनाभर कुणाचा तोल जात नाही हे ठीक आहे, पण इथे दुसऱ्याचा गेलेला असतो आणि हे हसत नाहीत.

खेळ सुरू होण्यापूर्वी रेफ्री शिनगार्ड तपासतो. नियमच आहे, नडगीला शिनगार्ड नसेल तर मैदानात पाऊल नाही. आता प्रत्येक मुलाकडे स्वतःचे असतात असं नाही. काहींच्या मोज्यांत वहीचा पुठ्ठा असतो. तो बहुधा गणिताच्या वहीचा असतो. त्या विषयाचा दुसरा काही उपयोग त्यांना सापडलेला नसतो. उरलेल्यांची सोय अशी की पहिली मॅच संपवून बाहेर येणारा संघ शिनगार्ड काढतो आणि आत जाणारा तेच ओले, गरम शिनगार्ड चढवतो. स्टडचंही तेच. एकच स्टड सकाळी एका गावासाठी गोल मारतात आणि दुपारी शेजारच्या गावासाठी. ज्याच्या पायात आपले स्टड आहेत त्याच्या पायावर पाय कसा द्यायचा? दिला तर नुकसान आपलंच.

गोलकीपरच्या ग्लोव्हजची गोष्ट याहून नाजूक. बरे ग्लोव्हज महाग. तालुक्यात एखाद्याकडेच चांगली जोडी असते, दुबईच्या काकांनी आणलेली. मॅच बरोबरीत सुटून पेनल्टी किक सुरू झाल्या आणि पाऊस वाढला की समोरचा गोली हात पुसत येतो आणि म्हणतो, ‘तुझे ग्लोव्हज दी मरे, म्हजे निसरतात.’ हा देतो. प्रत्येक किकनंतर जोडी या गोलीकडून त्या गोलीकडे जात राहते. रेफ्री घड्याळ बघत तिष्ठत उभा. आणि मग ज्याचे ग्लोव्हज त्याच्याच संघाची शेवटची किक त्याच ग्लोव्हजनी अडवली जाते. माझ्यासमोर असं घडलं तेव्हा हरलेला गोली पुढे गेला, जिंकलेल्याच्या गळ्यात पडला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘फाटूंक ना मरे?’ वर्तमानपत्रवाल्यांना याला खिलाडूवृत्ती म्हणायची सवय आहे. काका वर्षातून एकदाच येतात, हे वर्तमानपत्राला कुठून कळणार?

डिचोलीचं मैदान निराळं. तांबडी, खनिजाची माती. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन्ही संघांच्या जर्सी एकाच रंगाच्या होतात आणि मग कोण कुणाला पास देतो हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. इतकी निःपक्ष वृत्ती मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही. डिचोली तालुक्याचा एकूण थाटच वेगळा होता. साखळीला १९९९ पासून सेसा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी. तिथून शिकून आलेला मुलगा शाळेच्या संघात असला की बाकीचे त्याला ‘सर’ म्हणायचेच बाकी ठेवत. गोव्याच्या फुटबॉलला खनिजाच्या पैशानं मोठं केलं, आणि त्याचा शिडकावा गावच्या स्पर्धांवरही व्हायचा. ट्रकमालक चषक द्यायचे. चषक इतके उंच की जिंकलेला कप्तान त्याच्यामागे दिसेनासा व्हायचा. २०१२ साली खाणी थांबल्या, मधे जरा हलल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि चषकांची उंची उतरत गेली. मुळगाव-मये-साखळीच्या कपाटांत चषक सालवारीनं मांडून ठेवले तर खाणउद्योगाचा आलेख वेगळा काढायला नको. एक बरं झालं. चषक लहान झाल्यावर त्यांच्यावरून होणारी भांडणंही त्याच प्रमाणात लहान झाली.

मुलांच्या आपसातल्या सौजन्याचा एक प्रसंग दर मॅचला ठरलेला. दुसऱ्या हाफमध्ये कुणाच्या तरी पोटरीत गोळा येतो. तो आडवा. प्रतिस्पर्धी धावत येतो, त्याचा पाय उचलतो, टाच धरून पंजा मागे रेटतो. बघणाऱ्याचं ऊर भरून येतं. पण नीट बघत गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. पडलेला मुलगा एका गोलनं पुढे असलेल्या संघाचा असेल तर प्रतिस्पर्धी विलक्षण वेगानं येतो आणि पाय पुरा बरा होण्याआधीच त्याला उभा करतो. पडलेला मागे असलेल्या संघाचा असेल, तर सेवा सावकाश चालते: आधी उजवा पाय, मग दुखत नसलेला डावा, मग पाणी, मग घरच्यांची चौकशी. रेफ्रीला काही म्हणता येत नाही. शुश्रूषेला पिवळं कार्ड कसं दाखवणार?

मात्र यावरून आमच्यावर हसायचं कारण नाही. २०१८च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातली मॅचही बरोबरीत. मग पिवळी कार्डं मोजली. जपानची चार, सेनेगलची सहा. कमी कार्डं म्हणून जपान पुढे गेलं. पण शेवटच्या मॅचची शेवटची दहा मिनिटं जपाननं पोलंडविरुद्ध एका गोलनं हरत असताना चेंडू आपल्याच अर्ध्या मैदानात इकडून तिकडे फिरवण्यात काढली, कार्ड नको म्हणून. सद्वर्तनाचं बक्षीस मिळावं म्हणून खेळणंच थांबवलं! वर परत जाताना ड्रेसिंग रूम झाडून-पुसून, रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवून गेले. हे डिचोलीत झालं असतं तर लोकांनी चिठ्ठीचं कौतुक केलं असतं आणि दहा मिनिटांबद्दल वर्षभर ऐकवलं असतं.

पालक हा वेगळाच वर्ग. पूर्वी ते मैदानावर येत नसत. घरी आल्यावर चिखलाच्या कपड्यांवरून ओरडा तेवढा मिळायचा. आता येतात, मोबाइल घेऊन. आणि त्यांचं लक्ष गोलकडे नसतं. गोव्याच्या शिक्षण मंडळाच्या परीक्षेत खेळाचे गुण मिळतात, त्यामुळे ‘जिंकलास का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘सर्टिफिकेट मिळालं का?’ हा पुढे आला. हे वाईट झालं असं क्रीडाप्रेमी म्हणतात. मला तसं वाटत नाही. हरलेल्या संघाच्या आया पूर्वी तोंड पाडून जात. आता नाव बरोबर लिहिलंय ना, जन्मतारीख बरोबर आहे ना, एवढं तपासून समाधानानं रिक्षात बसतात. सहभाग महत्त्वाचा हे पाहुण्यांच्या भाषणांना पटवता आलं नाही, ते गुणपत्रिकेनं पटवलं.

जन्मतारखेवरून मात्र आदर खरोखर पणाला लागतो. स्पर्धा १७ वर्षांखालील, आणि समोरच्या स्टॉपरला मिशी. मोठ्या स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. तालुक्याला एवढी सोय कुठली? इथे पीटी सर प्रतिस्पर्धी संघाच्या रांगेपुढून संथ चालत जातात आणि वरच्या ओठांचं निरीक्षण करतात. संशयितानं सकाळीच दाढी केलेली असेल तर संशय दुणावतो. पण इथेही गावच कामाला येतं. मैदानाच्या कडेला कुणीतरी आजी असतेच, जी सांगते, ‘ह्याच्या बारशाक हांव गेल्लें. चवथीच्या आदल्या दिसा.’ प्रश्न मिटला. कुठल्याही एक्स-रेपेक्षा ही आजी भरवशाची, कारण ती साल सांगत नाही, कुणाच्या घरी त्या वर्षी गाय व्याली होती ते सांगते.

या सगळ्या सोयरीक-शेजाराचा तोटाही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मामा रेफ्री असला की भाच्याला पिवळं कार्ड ठरलेलं. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून मामा पाचव्या मिनिटालाच ते उरकून घेतो. भाचा त्यानंतर खेळत नाही, मैदानावर वावरतो. रात्री मामाच्या घरी जेवायला भाचा जात नाही, आणि मामी रेफ्रीशी बोलत नाही. शाळा सुटून मुलं गावच्या क्लबात गेली की हा संयम तर बराचसा गळतो. गावागावांच्या स्पर्धांत बाया-बापड्यांसमोर झालेल्या मारामाऱ्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यात दशावतार काही नव्हता, दात खरेच पडले होते.

आणि कधी एकदा शाळेचा संघ राज्य पातळीवर गेला की बघावं. फातोर्ड्यासारख्या ठिकाणी, जिथे २०१७ मध्ये मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, तिथला रेफ्री आपल्या कुणाचाच कुणी नसतो. साष्टीतला, आडनाव ओळखीचं नाही, मावशीला तिकडे नणंद नाही. बसमधून आलेल्या आमच्या सज्जन पेडणेकरांच्या तोंडून वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर पडतं. ‘रेफ्री कुड्डो!’ म्हणजे आंधळा, ही त्यातली सर्वांत सभ्य ओळ. मुलं मान खाली घालून खेळतात. कप्तान लाइनीपाशी येऊन हात जोडतो, ‘काका, उगी रावात.’ काका उगी राहत नाहीत. काकांना आज पहिल्यांदाच मोकळं वाटत असतं.

उरला प्रोटेस्ट. गोव्यात फुटबॉलची शिवी कोकणीत, भाषण मराठीत आणि प्रोटेस्ट इंग्रजीत असतो. ठरावीक वेळात, फी भरून, लेखी द्यावा लागतो. एकदा एका मॅचमध्ये बदली खेळाडूचा नंबर आणि यादीतला नंबर जुळेना. हरलेल्या शाळेचे सर इरेस पेटले. पण ते मराठी माध्यमातले, आणि इंग्रजीत ‘आय बेग टू स्टेट’च्या पुढे गाडं सरकेना. मैदानावर इंग्रजीच्या बाई एकच होत्या, त्या जिंकलेल्या शाळेच्या. बाईंनी चष्मा लावला आणि आपल्याच शाळेविरुद्ध दीड पानी, मुद्देसूद, कायद्याला धरून असा प्रोटेस्ट लिहून दिला. त्यांच्या हाताखालच्या मुलांनी कधी लिहिला नसेल इतका निर्दोष. स्पेलिंग तपासून खाली सरांची सही घेतली. मग फीचा प्रश्न आला. सरांच्या खिशात मुलांच्या भाजी-पावाचे पैसे होते, ते मोडून चालणार नव्हते. तेव्हा जिंकलेल्या संघाच्या पीटी सरांनी पाकीट काढलं आणि आपल्या संघाला बाद ठरवण्याच्या अर्जाची फी स्वतः भरली.

समितीनं अर्ज वाचला, भाषेचं कौतुक केलं आणि तो फेटाळला. फी जप्त झाली. जिंकलेले सर ते पैसे अजून मागतायत. हरलेले सर म्हणतात, अर्ज तुमच्या बाईंनी लिहिला होता, त्यांच्याकडे मागा.